अंगण, चौथरा आणि शनिवार

शनिशिंगणापुरात जुन्या घरांना चौकट असते, दार नसतं. फार तर पडदा, नाहीतर कुत्रं आत शिरू नये म्हणून आडवी टेकवलेली फळी. देवालाही छप्पर नाही. साडेपाच फुटांची ती काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर ऊनपाऊस झेलत उभी. २०११मध्ये युको बँकेनं इथं शाखा काढली, तीही बिनकुलपाची म्हणून गाजली. या चौथऱ्यासमोर मला एक शब्द आठवतो. तो इथला नाही, येरवड्याचा आहे : मुक्तांगण.

गर्द या अमली पदार्थाच्या व्यसनावरचे अनिल अवचटांचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी पैसे देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट (जवळच्यांची सुनंदा) यांनी मनोरुग्णालयाच्या आवारात हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. इतिहास एवढा पुरे. मला बोलायचंय नावाबद्दल.

त्यातला ‘मुक्त’ सोपा आहे. व्यसनमुक्तीच्या पाटीवर ‘मुक्ती’ नाहीतर ‘नवजीवन’ यायचंच. रस आहे तो ‘अंगण’मध्ये. आश्रम नव्हे, सदन नव्हे. अंगणाला कडी नसते. ते घराचं असतं आणि वाटसरूचंही. तिथं उभ्या असलेल्याला आत बोलावता येतं, आणि त्याला वाटलं तर तो निघूनही जाऊ शकतो. शिवाय अंगण रोज झाडावं लागतं, काल झाडलं म्हणून आज भागत नाही. आणि हा शब्द ठेवला कुठे, तर येरवड्यात! ‘याला येरवड्याला पाठवा’ म्हटलं की मराठी कानाला तुरुंगाची भिंत दिसते, नाहीतर वेड्यांचं इस्पितळ. त्या भिंतींच्या शेजारी कुणाला अंगण सुचावं, यातच केंद्राचं अर्धं धोरण आलं. उरलेलं अर्धं माणसांत आहे. इथून बरे होऊन गेलेलेच पुढे समुपदेशक म्हणून परत आले. कालचा पाहुणा आज अंगण झाडतो. व्यसनींच्या बायकांच्या गटाचं नाव ‘सहचरी’, तेही नेमकं. नवऱ्याच्या आजारात तीही पोळलेली असते. स्त्रियांच्या विभागाला दिलेलं ‘निशिगंध’ मात्र मला जरा गोडच वाटतं.

शिंगणापूरशी जुळणी मात्र इथं बिनसते. शिंगणापूरच्या चौकटी उघड्या आहेत त्या शनिदेवाच्या कोपाच्या भरवशावर : चोरी करणाऱ्याला देव सोडत नाही. भीती हीच इथली कडी. दारुड्याकडे भीती आधीच ढीगभर असते. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ, पंढरपूरला जाऊन घातलेली आणि महिन्यात उतरवलेली माळ. मोडलेली प्रत्येक शपथ त्याला आणखी खाली नेते, आणि ती लाज बुडवायला पुन्हा क्वार्टर लागते.

म्हणून १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रनमध्ये दोन दारुड्यांच्या भेटीतून निघालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसनं जन्माची शपथ मागितलीच नाही. मागितला तो आजचा दिवस. मुक्तांगणच्या विचारातही हा धागा आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्या वाचताना गंमत वाटते. दारू पहिल्या पायरीत येते, दारुडे थेट बाराव्या पायरीत. मधल्या दहांत दारूचं नावच नाही. आहे ती आपल्या चुकांची यादी, दुखावलेल्यांची भरपाई. क्रियापदं सगळी भूतकाळी आणि ‘आम्ही’ची. ‘तू असं कर’ कुठेच नाही. आम्ही हे केलं, एवढंच सांगून पायरी थांबते. उपदेशाला कंटाळलेल्या माणसाला याहून सभ्य वागणूक कोण देणार?

इकडे शिंगणापूरच्या अहिल्यानगर जिल्ह्यात शनिवार पाळणारे पुष्कळ. ‘आज शनिवार, आज नाही घ्यायची.’ आपण हसतो, कारण रविवारी तो भरपाई करणार. पण एक दिवस कसा काढायचा, हे त्याला येतं की! साडेसातीचा हिशोब साडेसात वर्षांचा. याच्या हातात मात्र चोवीस तासच असतात.

परतताना घोडेगाव फाट्यावर गाडीची वाट पाहत होतो. कपाळाला टिळा, हाताला तेलाचा वास असलेल्या एकाला सोबत्यानं खूण केली. तो म्हणाला, ‘आज नको रे. उद्याचं उद्या बघू.’ हेच वाक्य अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगमध्येही, हुबेहूब असंच, म्हणता आलं असतं.