हरपलेले छत्र : ऐतमातोव यांचा चंगीझखान

क्रौर्याला उपमा द्यायची झाली की चंगीझखानाचे नाव आपल्या ओठांवर सहज येते. त्या नावामागचा माणूस मात्र आपल्याला फारसा ठाऊक नसतो. ख्वारझमच्या जलालुद्दिनाचा पाठलाग करीत १२२१ साली तो सिंधूच्या काठापर्यंत आला आणि तेथूनच मागे वळला, इतकाच त्याचा आणि हिंदुस्थानाचा संबंध. कादंबरीकारांच्या हाती पडल्यावर एकतर तो राक्षस होतो किंवा युगपुरुष. दोन्ही चित्रांत घोडेस्वारच फार. या साच्यांतून त्याला बाहेर काढणारी एक लघुकादंबरी आम्ही अलीकडे पुन्हा वाचली. ती किर्गिझ लेखक चिंगीझ ऐतमातोव यांची. लेखकाचे नावही तेच, हा योगायोग वाचताना सारखा आठवत राहतो.

‘शतकाहूनही दीर्घ असा दिवस’ ही त्यांची कादंबरी १९८० ची. ‘चंगीझखानाचा पांढरा ढग’ हा भाग त्यांनी तिला १९९० मध्ये, सोव्हिएत राजवट मावळत असताना, जोडला. त्यातली दंतकथा अशी : पश्चिमेच्या स्वारीवर निघालेल्या खानाच्या माथ्यावर एक लहानसा पांढरा ढग अखंड चालतो आहे. तो आकाशाने दिलेला कौल आहे, असे एका भविष्यवेत्त्याने त्याला सांगितलेले असते. स्वारी संपेपर्यंत तळावरील कोणाही स्त्रीने मूल प्रसवू नये, असा खानाचा हुकूम असतो. निशाणांवर सोन्याच्या धाग्यांनी ड्रॅगन भरणारी दोगुलांग ही कशिदाकार स्त्री तो मोडते. मुलाच्या बापाचे नाव ती सांगत नाही. एर्देने हा शंभर स्वारांचा नायक आपण होऊन पुढे येतो. दोघांना एकाच उंटाच्या दोन बाजूंना फाशी दिले जाते. सैन्य पुढे सरकते आणि माथ्यावर ढग नसल्याचे खानाच्या ध्यानी येते. तिकडे ओसाड माळावर ते तान्हे मूल घेऊन आल्तुन ही म्हातारी दासी बसलेली आहे. तिच्या सुकलेल्या स्तनांना दूध फुटते. ढग आता तिच्यावर आहे.

मराठी वाचकाला या ढगाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तो छत्र आहे. राजाच्या मस्तकावरचे छत्र आणि बापाच्या मायेचे छत्र, या दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. ऐतमातोव यांच्या कथेत नेमकी हीच दोन छत्रे समोरासमोर येतात. शाश्वत आकाशाच्या आज्ञेने आपण राज्य करतो, अशी मंगोल राज्यकर्त्यांची श्रद्धा होती. त्या अमूर्त आज्ञेला लेखकाने हलता, नाजूक आकार दिला. अद्भुताचा उपयोग बहुतेक लेखक नायकाला मोठे करण्यासाठी करतात. येथे अद्भुत खानाला एक वस्तू देते आणि काढून घेते. विजा कोसळत नाहीत, भूमी दुभंगत नाही. ऊन तेवढे लागू लागते. सैन्य शाबूत असताना तो स्वारी पुत्रपौत्रांवर सोपवून परत फिरतो, हे आम्हांस कथेतील सर्वांत प्रभावी स्थान वाटते.

इतिहासाचा आग्रह धरणारे येथे हरकत घेतील. व्होल्गापलीकडची मोठी स्वारी १२३६ नंतरची, नातू बातूची. चंगीझखान १२२७ मध्येच वारला होता. ही हरकत खरी, पण दंतकथेला ती फारशी बाधत नाही. अधिक महत्त्वाची गोष्ट निराळी. ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या तेराव्या शतकातील ग्रंथाप्रमाणे खानाची पत्नी बोर्ते हिला मेर्किटांनी पळवून नेले होते. तिच्या सुटकेनंतर जन्मलेल्या जोचीच्या पितृत्वाविषयी संशय राहिला. भावानेच जोचीला तसे हिणवले, तेव्हा खानाने त्याला फटकारले आणि जोचीला ज्येष्ठ पुत्र मानले. हे ध्यानात ठेवून आम्ही तो हुकूम पुन्हा वाचला. संशयित जन्माचे मूल एकेकाळी पदरात घेणारा माणूस सत्तेच्या शिखरावर जन्मालाच बंदी करतो. नुसत्या क्रौर्याहून हे भयंकर आहे.

चौकटीची कथा १९५३ ची आहे. ओसाड रेल्वे-थांब्यावरचा अबुतालिप हा शिक्षक आपल्या मुलांसाठी आठवणी आणि जुन्या दंतकथा लिहून ठेवतो, आणि तेच कागद त्याच्याविरुद्ध पुरावा ठरतात. परमुलखात राहून घरच्या गोष्टी वहीत उतरवून ठेवणाऱ्या आपल्या जुन्या पिढीची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. मात्र त्याला अटक करणारा तान्सिकबायेव्ह आम्हांस पातळ वाटला. खानाला निदान एकाकीपण आहे. या अधिकाऱ्याला बढतीच्या हावेपलीकडे काही नाही. हुकूमशहा आणि त्याचा हस्तक यांच्यांतले साम्य लेखक इतके ठसवतात, की वाचकाने स्वतः जोडायचे काही उरत नाही.

तरीही हा राग कोठून येतो, हे समजते. ऐतमातोव यांचे वडील तोरेकुल यांना १९३७ मध्ये अटक झाली आणि १९३८ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. लघुकादंबरी प्रसिद्ध झाल्यावर वर्षभराने, १९९१ साली, बिश्केकजवळ चोन-ताश येथील सामूहिक दफनभूमीत वडिलांचे अवशेष सापडले. म्हणजे हे लिहिताना बाप कोठे पुरला आहे, हेही लेखकाला ठाऊक नव्हते. अबुतालिपला बंद डब्यातून नेत असता गाडी त्याच्याच थांब्यावरून जाते आणि खिडकीतून त्याला आपली बायकोमुले दिसतात. मुलांना मात्र बाप दिसत नाही.