एकविसावा प्रश्न

महाविद्यालयांचे मूल्यांकन करण्यासाठी १९९४ साली स्थापन झालेल्या 'नॅक'ने २०१७च्या सुधारित पद्धतीत विद्यार्थी-समाधान सर्वेक्षण आणले. त्याची प्रश्नावली आम्ही पुन्हा वाचली. एकूण प्रश्न २१. त्यांतल्या २० प्रश्नांना ० ते ४ गुणांचे पर्याय. वर्गात अभ्यासक्रम किती टक्के शिकवला? शिक्षक तयारी करून येत होते का? अंतर्गत मूल्यमापन निःपक्षपाती होते का? प्रश्न रास्तच आहेत.

आता भोर किंवा वेल्हे (राजगड) तालुक्यातला विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. हिर्डोशी खोऱ्यातून, नाहीतर तोरण्याच्या पायथ्याकडून तो एस.टी.ने येतो. जुलैच्या पावसात गाडी रखडली की पहिला तास बुडतो. नेमका त्या तासाला रसायनशास्त्रातला 'मोल' शिकवून झाला, तर पुढची गणिते त्याला कशी उमगणार? तरी अभ्यासक्रम '८५ ते १०० टक्के' झाला, हे त्याचे उत्तर खरेच असेल. महाविद्यालयाला पूर्ण गुण. मोल राहिला तो राहिलाच!

शिवाय अशा गुणांवरून शिक्षकांची प्रतवारी लावणे धोक्याचे. बॉब उटल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अनेक जुन्या अभ्यासांचे आकडे एकत्र तपासले. जास्त गुण मिळवणाऱ्या शिक्षकांचे विद्यार्थी जास्त शिकतात, असे त्यांना आढळले नाही.

आम्हांला मोलाचा वाटतो तो एकविसावा प्रश्न. त्यात सुधारणेसाठी सूचना स्वतःच्या शब्दांत लिहायच्या असतात. 'मोल परत शिकवा' असे तिथे लिहिता येते. पण तोवर तो वर्ग पुढे गेलेला असतो.

हार्वर्डमधले संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मॉस्टेलर हाच प्रश्न तासाच्या शेवटी विचारत. आज सर्वांत धूसर काय राहिले? त्यांनी १९८९ मध्ये या पद्धतीबद्दल लिहिले. चिठ्ठ्या वाचून पुढच्या तासाला खुलासा करायचा, एवढीच ती पद्धत. खर्च पाव कागदाचा.

आपल्याकडे ती जशीच्या तशी चालणार नाही. वीस जणांच्या वर्गात नाव नसले तरी अक्षर ओळखू येते, आणि अंतर्गत गुण आपल्याच हाती असतात. म्हणून चिठ्ठ्या विद्यार्थ्यांनीच गोळा कराव्यात आणि एकाने मुद्दे उतरवून आपल्याला द्यावेत. दुसरे असे, की ज्याचा तास बुडाला त्याची चिठ्ठी त्या तासाला कशी येईल? तेव्हा चिठ्ठी आठवड्याभराच्या शिकवण्यावर मागावी, आणि तीही सगळ्या गाड्या येऊन गेल्यावर, दुपारच्या तासाला.