वरच्या गोलात कोण?

वाढदिवसाच्या फ्लेक्सची मांडणी आता ठरून गेलेली आहे. सगळ्यात वर एका ओळीत गोल, त्या गोलांत नेत्यांचे चेहरे. मधोमध ज्याचा वाढदिवस तो, पांढऱ्या शर्टात, गॉगल लावून, समोरून चालत येतोय अशा ऐटीत. पाठीमागं सिंह नाहीतर काळे ढग, पायाशी ठिणग्या, आणि तळाला शुभेच्छुकांची वीस-पंचवीस मुंडकी. पूर्णा तालुक्यातलं ताडकळस हे बाजार समिती असलेलं, आसपासच्या खेड्यांचं राबतं गाव. अशा गावाच्या चौकात हे चित्र शोधावं लागत नाही.

पण ते निरखून पाहणारे थोडे. उत्सवमूर्तीच्या डाव्या गालावर ऊन असतं, शेजारच्या भाऊंच्या उजव्या गालावर. सिंहावर तर संध्याकाळ उतरलेली असते. सावली टाकायची राहून गेल्यानं पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि केसांच्या कडेनं मूळ फोटोतल्या निळ्या भिंतीची किनार तशीच चिकटून आलेली असते. मानपानात मात्र चूक सापडायची नाही. कुणाचं डोकं केवढं, कोण गोलात आणि कोण गोलाबाहेर, हा हिशेब चोख.

फोटो कापून, जोडून, त्यातून नवं चित्र उभं करणं म्हणजे कोलाज. या व्याख्येनं खेड्यातल्या मुलांच्या डोळ्यांसमोर रोज असलेलं कोलाज ते हेच. त्याचा वर्ग शाळेत भरत नाही, मोबाईलवर भरतो. पिक्सेललॅब नावाचं ॲप, त्यात उघडणारी तयार ‘पीएलपी फाईल’, ती फुकट वाटणारे यूट्यूबवरचे मराठी चॅनेल, आणि ‘फक्त फोटो आणि नाव बदला’ ही शिकवणी. दहावीतला पोरगा दहा मिनिटांत बॅकग्राउंड उडवतो, चेहऱ्याची पीएनजी करतो, लेअर वर-खाली करतो. फ्लेक्सवाल्याकडं गेल्यावर त्याला दुसरा धडा मिळतो: व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो, सहा बाय चारच्या बॅनरवर त्याचे ठोकळे दिसतात, म्हणून ‘डॉक्युमेंट करून पाठव’. तिसरा धडा छपाईनंतर. पडद्यावर चमकणारा जांभळा रंग फ्लेक्सवर मळकट उतरतो, कारण पडदा उजेडानं रंग दाखवतो आणि छपाई शाईनं.

हे सगळं ज्ञानच आहे, आणि ते चित्रकलेच्या तासाच्या बाहेर चाललंय.

तासाची स्थिती काय? राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा आजही शाळेतल्या चित्रकलेचा कणा आहेत. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात, तेव्हा पालकही त्यांच्याकडं लक्ष देतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे सगळं कागदावर, हातानं. दुसरीकडं २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनं सहावी ते आठवीत शंभरांहून जास्त मुलं असलेल्या शाळेला कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला. म्हणजे पूर्ण वेळचा माणूस नव्हे, आणि पट शंभराच्या आत असेल तर तोही नाही. अशा ठिकाणी चित्रकला वर्गशिक्षकाच्या गळ्यात पडते आणि तास बऱ्याचदा गणिताला जातो.

संगणक नाहीत ही नेहमीची तक्रार. ती खरी आहे, पण मूळ दुखणं तिथं नाही. गिंप हे चित्रसंपादनाचं सॉफ्टवेअर १९९६पासून फुकट उपलब्ध आहे आणि जुन्या संगणकावरही चालतो. दुखणं असं की चित्रकलेच्या तासानं फ्लेक्सला सोवळ्यातून पाहिलं. ते ‘चित्र’ नव्हे असं ठरवून टाकलं. वास्तविक त्या फ्लेक्समध्ये जे जे चुकलंय, ते दुरुस्त करायची विद्या जुन्या अभ्यासक्रमातच आहे. उजेड एका बाजूनं आला की सावली कुठं पडेल, हे वस्तुचित्रात तांब्या-पेला मांडून शिकवतात. क्षितिजरेषा एक असेल तरच दोन माणसं एका जमिनीवर उभी दिसतात, हा स्मरणचित्राचा पहिला पाठ. मोकळी जागा सोडणं संकल्पचित्रात येतं. मोबाईलनं फक्त कात्री दिली आहे, डोळा द्यायचं काम शाळेकडंच राहिलं आहे.

आणि ही कात्री जुनी आहे. ऑस्कर रेलँडरनं १८५७ साली तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच भलंथोरलं छायाचित्र तयार केलं. त्यावर वाद झाला, आणि त्याची एक प्रत व्हिक्टोरिया राणीनं विकतही घेतली. बर्लिनच्या हाना होखनं पहिल्या महायुद्धानंतर सचित्र नियतकालिकं कापून पुढाऱ्यांची डोकी भलत्याच धडांवर बसवली. तिचं ‘दादा’ या कलाचळवळीच्या १९२०च्या प्रदर्शनातलं मोठं कोलाज आपल्या फ्लेक्सशेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे: मुंडकी दोन्हीकडं, पण एकीकडं मान राखायला आणि दुसरीकडं मान उतरवायला. आपल्याकडं रवि वर्म्याच्या छापील देवींना घरोघरी जर, टिकल्या आणि कापड चिकटवून नटवलं जाई. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या, गोध्ऱ्याला फोटो स्टुडिओ चालवलेल्या आणि मग छपाईत शिरलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपली. ‘श्रीकृष्ण जन्म’मधले १९१८चे चमत्कारही कॅमेऱ्याच्या युक्तीचेच. वर्गात ही नावं घेतली तर ‘एडिटिंग’ या शब्दाला एकदम घराणं मिळतं.

खरं तर गावातलं सगळ्यात नाजूक चित्रसंपादन फ्लेक्सवर नसतंच, फोटो स्टुडिओत असतं. आजी गेली की आधी शोध फोटोचा. सापडतो तो आधार कार्डावरचा, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला घोळक्यातला. स्टुडिओवाला त्यातून आजीला वेगळी काढतो, मागं फिकट निळा पडदा टाकतो, डोक्यावरचा पदर नीट करतो. खांद्यावर नातवाचा हात राहिलेला असतो. तो काढायचा, आणि त्याखाली झाकलेला लुगड्याचा काठ पुन्हा रंगवायचा. काठाची नक्षी पलीकडच्या खांद्यावरून उचलून उलटी करून बसवतात. सुरकुत्या किती ठेवायच्या, हा कलेचाच निर्णय. जास्त पुसल्या तर घरचेच म्हणतात, ‘ही आमची माय नाही.’ एखाद्या तासाला असा कारागीर शाळेत बोलावला तर पाठ्यपुस्तकाची पंधरा पानं वाचतील.

आता बोट टेकवलं की बॅकग्राउंड आपोआप उडतं, आणि वाक्य लिहिलं की अख्खं चित्र तयार होतं. मग कापायला शिकवायचं कशाला? कापणं हे कौशल्य कधीच नव्हतं, काय ठेवायचं हे होतं. साधा पाठ असा घेता येतो: एकच मडकं सकाळी आणि संध्याकाळी खिडकीत ठेवून फोटो काढायचे, दोन्ही एका चित्रात जोडायचे आणि कुठलं खोटं वाटतं ते मुलांनी बोट ठेवून सांगायचं. चाळीस मुलांत एक मोबाईल असला तरी हे जमतं.

अक्षरांचं प्रकरण वेगळं, आणि त्याबाबत शाळांनी फार दुर्लक्ष केलं आहे. जुन्या फोटोशॉपमध्ये देवनागरी टाकली की जोडाक्षरं फुटत, ऱ्हस्व वेलांटी भलतीकडं जाई. दक्षिण आशियाई लिप्यांची सोय नंतर आली, तीही बराच काळ सेटिंगमध्ये जाऊन निवडावी लागे. त्यामुळं ‘हार्दिक’ हा शब्द मोडका छापलेला अजून दिसतो. र. कृ. जोशींसारख्या सुलेखनकारानं संगणकासाठी मंगल हा टंक घडवला, ‘एक टाइप’ या टंककार संस्थेचे मुक्ता आणि बालू हे टंक फुकट मिळतात. तरी मुलांना ठाऊक असतं ते सोनेरी, फुगीर, आग लागलेलं अक्षर. अक्षरलेखनाच्या परीक्षेत पट्टीनं आखून काढलेल्या अक्षराचा आणि या अक्षराचा संबंध त्यांना कुणी दाखवलेलाच नाही.

खऱ्या-खोट्याचा विषयही इथंच यायला हवा, नीतीच्या तासाला नव्हे. नॅशनल जिओग्राफिकनं फेब्रुवारी १९८२च्या मुखपृष्ठावर आडवा फोटो उभ्यात बसवायला गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले आणि टीका ओढवून घेतली. डिसेंबर २०१५मध्ये पंतप्रधानांच्या चेन्नईच्या पूरपाहणीचा, विमानाच्या खिडकीत वेगळंच दृश्य जोडलेला फोटो पत्र सूचना कार्यालयानं प्रसृत केला आणि मागं घेतला. दोन चित्रं एकत्र केल्याचं कार्यालयानंच सांगितलं. अशी उदाहरणं पाहिली की वर्गातला नियम मुलांना जाच वाटत नाही: दुसऱ्याचा, विशेषतः वर्गातल्या मुलीचा, फोटो तिला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही आणि जोडचित्राखाली ‘जोडचित्र’ असं लिहायचं.

साहित्याची चिंता करणाऱ्या शिक्षकांसाठी गावात एक गोदाम उघडंच पडलेलं असतं. वाढदिवस सरला की फ्लेक्स उतरतो आणि शेतात जातो. सोयाबीनच्या ढिगावर, कडब्याच्या गंजीवर, गोठ्याच्या फटीवर तो पावसाळाभर असतो. वरच्या गोलातले साहेब उलटे, सिंह अर्धा दुमडलेला, शुभेच्छुक चिखलात. असा एक फ्लेक्स धुऊन वर्गात पसरला, चार मुलांच्या हातात खऱ्या कात्र्या दिल्या आणि आधी सगळ्यांच्या नाकाची सावली कुठल्या बाजूला आहे ते खडूनं खुणावून घेतलं, तर त्या दिवशी वीज गेली तरी तास चालतो.