बंद दाराबाहेरची जात

सामाजिक घटनांचा उलगडा अखेर माणसांच्या कृतींतूनच व्हायला हवा, अशी माक्स वेबरची भूमिका होती. शुम्पेटरने १९०८ मध्येच अशा विचारपद्धतीला ‘पद्धतिशास्त्रीय व्यक्तिवाद’ म्हटले होते. आपल्याकडे हा वाद बहुधा युरोपीय नावांभोवतीच फिरतो. वास्तविक त्याची कसोटी पाहायला डॉ. आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचलेला जातिविषयक निबंध पुरेसा आहे. तेव्हा ते २५ वर्षांचे होते.

वरवर पाहता हा निबंध व्यक्तिवाद नाकारतो. समाज सुट्या व्यक्तींचा नव्हे, वर्गांचा बनतो, असे तो म्हणतो. एकट्या मनूने जात घडवली ही समजूतही मोडीत काढतो. पण जात पसरली कशी, हे सांगताना आंबेडकर गाब्रिएल तार्द यांच्या अनुकरणाच्या नियमांकडे वळतात. वरच्याचे पाहून खालचा, जवळचा आधी, लांबचा नंतर. अनुकरण माणसेच करतात, तेव्हा वेबरचा वाचक इथे खूश होईल.

त्याने घाई करू नये. केतकरांनी जातीची दोन लक्षणे दिली होती : जन्मसिद्ध सदस्यत्व आणि बाहेर विवाहबंदी. आंबेडकरांच्या मते ती एकाच गोष्टीची दोन अंगे. एकदा गटाबाहेर लग्न नाही म्हटले, की जोडीदार मरताच मागे उरलेले माणूस ‘जादा’ ठरते. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह हे त्या हिशेबाचे तोडगे. बिजवराच्या गळ्यात बांधलेल्या अजाण मुलीची यात ‘कृती’ ती कोणती?

माझ्या मते निबंधातला सर्वांत मोलाचा मुद्दा अनुकरणाचा नाहीच. काहींनी दार लावून घेतले आणि इतरांना ते बंद आढळले. काहीही न करता तेही जात झाले. जात एकवचनी असूच शकत नाही, हे विधान याच्याशीच जोडलेले आहे. अनुकरणाला कर्ता असतो; बाहेर राहिलेल्याने मात्र काहीच केलेले नसते. ‘ज्याने त्याने आपापली जात सोडावी’ हा आपल्या सभांतला लाडका सल्ला म्हणूनच आतल्यांच्या सोयीचा आहे.

पहिले दार ब्राह्मणांनी का लावले, याचे उत्तर मात्र निबंध पुरते देत नाही. तिथे तो अपुरा वाटतो.

१९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात आंबेडकर आंतरजातीय विवाहाला खरा उपाय म्हणतात. तो व्यक्तींनीच करायचा. तरीही त्यांचा रोख लोकांवर नाही, शास्त्रांच्या प्रामाण्यावर आहे. कारण लोक जात पाळतात ती दुष्टपणाने नव्हे, धर्मश्रद्धेने.