अंतऱ्यातला माणूस

महाराष्ट्रात शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या शाळकरी मुलांना राग ओळखता येतो, ताल हातावर धरता येतो, घराण्यांची चार नावंही कानावरून गेलेली असतात. आपण म्हणतो ती बंदिश कुणी बांधली, हे मात्र त्यांना विचारलं तर बहुतेक जण गुरुजींचं किंवा पुस्तकाचं नाव सांगतात. उत्तर त्यांच्या तोंडात असतं. अंतऱ्याच्या शेवटी ती ‘सदारंग’ म्हणतात, ‘अदारंग’ म्हणतात, कधी ‘प्रेमपिया’ म्हणतात, आणि तिथून सरळ समेवर येतात. रचनाकारानं आपलं नाव गाण्यातच गुंफून ठेवण्याची सोय ज्या संगीतात आहे, त्याच संगीतात मुलं रचनाकाराला ओलांडून पुढे जातात. आपल्या बालसंगीतशिक्षणातली ही उणीव मला सर्वांत जास्त बोचते.

सदारंग म्हणजे न्यामतखाँ. बीनकारांच्या परंपरेतला, मोगल बादशहा मोहम्मदशहाच्या काळातला, म्हणजे १७१९ ते १७४८ या वर्षांतला कलावंत. त्याच काळात दर्गाह कुली खान नावाचा दख्खनचा एक सरदार दिल्लीत येऊन राहिला. त्यानं शहरातल्या गवयांची, वादकांची, मैफलींची वर्णनं फारसीत लिहून ठेवली आणि त्यांत न्यामतखाँच्या बीनवादनाचं कौतुक आहे. १७३९मध्ये नादिरशहानं लुटलेली ती दिल्ली. इतिहासाच्या पुस्तकात मुलं नादिरशहा वाचतात आणि संध्याकाळी त्याच काळातल्या माणसाची रचना गातात. या दोन्ही गोष्टी एकाच शहरातल्या आहेत, हे त्यांना सांगायला दोन मिनिटं पुरतील. मोठ्या मुलांना त्यापुढचंही सांगता येईल. सदारंगची मुद्रा, म्हणजे गुंफलेलं नाव, असलेली प्रत्येक चीज त्याची नाही; नंतरच्या अनेकांनी त्याचं नाव घालून रचना केल्या. असं का केलं असेल, हा आठवी-नववीच्या वर्गात रंगणारा प्रश्न आहे. आदरापोटी, की आपली चीज टिकावी म्हणून?

रचनाकाराचं नाव मागे का पडलं, याचा शोध घेतला तर संगीत सर्वांना खुलं करण्याच्या मोठ्या कामापाशीच आपण येतो. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं मध्यमवर्गीय घरांत, मुलामुलींपर्यंत नेलं. त्यासाठी त्यांनी मुलांसाठी पुस्तकं छापली, आणि शृंगाराचे शब्द घरंदाज कानांना चालणार नाहीत म्हणून अनेक चिजांत भक्तीचे शब्द घातले. त्या काळी त्याशिवाय दार उघडलं नसतं हे मी मान्य करते. पण जिथे अंतरा बदलला तिथे सहीसुद्धा पुसली गेली. भातखंड्यांनी शब्दांना तसा हात लावला नाही. जयपूर, रामपूर अशा ठिकाणी उस्तादांच्या मागे लागून, आर्जवं करून त्यांनी चिजा मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या. त्यांचे उपकार शब्दांत मावणारे नाहीत. तरी ही पुस्तकं उघडा. बंदिशीच्या माथ्यावर राग आहे, ताल आहे, लय आहे. रचनाकाराला तिथे जागा नाही. पुढच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकानं हाच मथळा गिरवला.

भातखंडे स्वतः ‘चतुर’ या नावानं रचना करत, आणि त्यांची लक्षणगीतं खास विद्यार्थ्यांसाठी बांधलेली आहेत. रागाचे वादी-संवादी, वर्ज्य स्वर, गाण्याची वेळ, सगळं त्या रागातच गाऊन सांगायचं ही कल्पना बुद्धिमान आहे, आणि पाठांतरासाठी ती आजही उपयोगी पडते. पण मुलाला रचनाकार पहिल्यांदा भेटतो तो नियम सांगणारा म्हणून. त्याची गंमत, त्याचा हट्ट, शब्दाला समेवर आणण्याची त्याची खुबी लक्षणगीतात फारशी दिसत नाही. म्हणून लक्षणगीत दुसरं शिकवावं. आधी रागाची खरीखुरी चीज गळ्यात बसू द्यावी.

आजच्या परीक्षांकडे पाहिलं तर रचनाकार अभ्यासक्रमात नाहीत असं म्हणता येत नाही. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या चढताना शास्त्राच्या लेखी पेपरात जीवनचरित्रं येतात. तानसेन, सदारंग, पलुस्कर, भातखंडे. जन्म, गुरू, कार्य, मृत्यू. मूल हे दहा-बारा ओळींत पाठ करतं आणि लिहून मोकळं होतं. प्रात्यक्षिकात तेच मूल त्याच सदारंगची चीज गातं. दोन वह्या कधी एकमेकींशेजारी उघडल्या जात नाहीत. त्यात दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून घाई आणखी वाढली आहे. ठरलेले राग, प्रत्येकात एक छोटा ख्याल, चार आलाप, चार ताना, झालं. मुलांची संख्या वाढते याचा आनंद मला आहेच, पण एका रागात एकच चीज शिकलेल्या मुलाला राग आणि चीज यांतला फरकच कळत नाही. त्याच्या लेखी भूप म्हणजे ती एक बंदिश.

कर्नाटक संगीतात हे उलट आहे. तिथलं मूल सरळीवरसे म्हणू लागतं तेव्हाच परंपरा त्याला सांगते की ही बाराखडी पुरंदरदासांची. पुढे कृती शिकताना त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर, श्यामा शास्त्री ही नावं रागाच्या बरोबरीनं येतात, आणि कोणतंही पुस्तक ती शीर्षकाशी देतं. दरवर्षी तिरुवैयारूला त्यागराजांच्या आराधनेत पंचरत्न कृती सगळे मिळून गातात. माटुंग्याच्या दक्षिणी घरांतली मुलंही या ओळखीत वाढतात. दीक्षितरांची नोट्टुस्वर साहित्यं तर मुलांना शिकवण्यासाठीच जणू बनली आहेत. इंग्रजी बँडवर ऐकू येणाऱ्या धुनांना, त्यांत ब्रिटिश राष्ट्रगीताची धूनही आली, त्यांनी संस्कृत शब्द दिले. दीक्षितर गेले १८३५मध्ये. त्या काळातला एक थोर रचनाकार कंपनीच्या सोजिरांचा बँड कान देऊन ऐकतो आहे, ही गोष्ट कुठल्या मुलाला आवडणार नाही?

पाश्चात्त्य संगीतातलं एक उदाहरण मी संगीतशिक्षकांसमोर नेहमी ठेवते. बेंजामिन ब्रिटननं वाद्यवृंदातल्या वाद्यांची ओळख करून देणाऱ्या १९४६च्या एका शैक्षणिक चित्रपटासाठी रचना केली. सूर स्वतःचे घेतले नाहीत. हेन्री पर्सेलनं १६९५मध्ये एका नाटकासाठी केलेली धून त्यानं उचलली आणि तिच्यावर एकेका वाद्यासाठी रूपं बांधली. मुलांना बासरी कळली, व्हायोलिन कळलं, आणि अडीचशे वर्षांपूर्वीचा पर्सेलही कळला. एका रचनाकाराची ओळख दुसऱ्या रचनाकारानं करून दिली.

आपल्याकडे हे नाही का? आहे, आणि मुलांपर्यंत पोचत नाही याचंच वाईट वाटतं. जुन्या विलंबित ख्यालाला त्याच रागातली द्रुत चीज नव्यानं बांधायची, तिला आपण ‘जोड’ म्हणतो. ‘गुणिदास’ म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित, त्यांचे शिष्य ‘गुणिजान’ म्हणजे चिंतामणराव व्यास, कुमार गंधर्व, अशा कितीतरी जणांनी नव्या बंदिशी बांधल्या. जोड बांधणारा जुन्या रचनाकाराला उत्तर देत असतो. तो विरहानं बसला असेल तर हा सखीला निरोप द्यायला पाठवतो. तो आरोहातून सम गाठत असेल तर हा वरून उतरतो. अशा दोन चिजा एकापुढे एक ठेवून मुलांना एवढंच विचारावं: दुसऱ्यानं पहिल्याचं काय ऐकलं? सातवीतली मुलं यावर तावातावानं बोलतात, हे मी पाहिलं आहे. समेचा शब्द कोणता, मुखडा कितव्या मात्रेवर उठतो, ‘नी’वर रेंगाळलं कोण, हे त्यांना न शिकवता दिसतं.

कुमार गंधर्वांचं काम शाळेसाठी अजून कुणी नीट हाती घेतलेलं नाही. देवासला दीर्घ आजारात पडून असताना त्यांनी माळव्याची लोकगीतं ऐकली, आणि त्या धुनांमधून पुढे राग उभे केले. लगनगंधार, संजारी, मालवती, सहेली तोडी. ‘अनुपरागविलास’ या त्यांच्या संग्रहात त्यांच्या रचना स्वरलिपीसह आहेत. मुलांना आधी लोकधून ऐकवावी, मग तिच्यातून निघालेला राग, मग बंदिश. बायका लग्नात गातात ते गाणं मैफलीतल्या रागाचं मूळ असू शकतं, हे कानानं पटलं की ‘शास्त्रीय’ या शब्दाची धास्ती जाते. त्यांच्या ‘गीतवर्षा’, ‘गीतवसंत’ या ऋतूंवरच्या कार्यक्रमांची रचना तर शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाला जशीच्या तशी घेता येईल. स्नेहसंमेलनात पावसाची सिनेमागीतं बसवणाऱ्या शाळांनी एक वर्ष मल्हाराच्या चार रचना, चार रचनाकारांच्या नावांसकट, बसवून पाहाव्यात.

मराठी मुलासाठी आणखी एक वाट घरातूनच जाते. २०१५च्या चित्रपटामुळे ‘कट्यार काळजात घुसली’ची पदं शाळकरी मुलांच्या तोंडी आली. मूळ नाटक १९६७चं आणि त्याचं संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचं. तिथून मागे जाता येतं. गोविंदराव टेंब्यांचं ‘मानापमान’ १९११चं, भास्करबुवा बखल्यांचं ‘स्वयंवर’ १९१६चं. बुवांनी आपल्याकडच्या चिजांचा खजिना पदांसाठी मोकळा केला. पद आणि ते ज्या चिजेवरून सुचलं ती चीज, दोन्ही ऐकवली की चाल लावणं हे काम असतं आणि ते करणारं कुणीतरी असतं, हे मुलाच्या मनात पक्कं होतं. गोव्यात घरोघर नाट्यपदं गाणारी मुलं आहेत. तिथल्या शिक्षकांना तर हे फार सोपं जावं.

१९७७पासून स्पिक मॅके या संस्थेनं थोर कलावंतांना शाळा-कॉलेजांत नेलं, हे काम फार मोलाचं आहे. पण कलावंत समोर बसला की सगळं लक्ष गळ्यावर आणि हातावर जातं. ध्वनिमुद्रणांचंही तेच, शीर्षकात राग असतो, गायक असतो, रचनेपुढे ‘पारंपरिक’ असतं किंवा काहीच नसतं. निवेदकानं एक वाक्य वाढवलं तरी चित्र बदलेल.

आणि मुलींना रचनाकार स्त्रिया दिसायला हव्यात. गाण्याच्या वर्गांत मुलीच जास्त, आणि जीवनचरित्रांची यादी मात्र पुरुषांची. प्रभा अत्र्यांनी बांधलेल्या मारुबिहाग आणि कलावतीतल्या रचना श्रोत्यांना तोंडपाठ आहेत. त्यांचे संग्रह छापलेले आहेत. अश्विनी भिडे-देशपांडे यांच्या बंदिशी ‘रागरचनांजली’च्या दोन भागांत स्वरलिपीसह मिळतात. पुण्या-मुंबईत, गोव्यात बंदिशी बांधणारी माणसं आज आपल्यात आहेत. त्यांच्यापैकी एखादीला वर्गात बोलवावं. ही सम या शब्दावर का आणली, आधी कुठे होती, किती वेळा मोडली, हे मुलांनी तिलाच विचारावं. मग त्यांना भूपाचे पाच स्वर, त्रितालाच्या सोळा मात्रा आणि त्यांच्या रोजच्या मराठीतल्या चार ओळी द्याव्यात आणि मुखडा कितव्या मात्रेवरून उचलायचा, ते त्यांचं त्यांना ठरवू द्यावं.