ब्रुनहिल्डेची चिता
रिचर्ड वाग्नरच्या ‘निबेलुंगची अंगठी’ या चार संगीतनाटकांच्या मालिकेचा (पहिला संपूर्ण प्रयोग: बायरॉइट, १८७६) शेवट ब्रुनहिल्डेच्या अग्निप्रवेशाने होतो. रणात पडलेल्या वीरांना देवांच्या वल्हाला महालात नेणारी ही युद्धकन्या सीगफ्रीडच्या चितेत घोड्यासह उडी घेते. मराठी वाचकाला येथे सहगमन आठवणे अपरिहार्य आहे; १७७२ मध्ये थेऊर येथे सती गेलेल्या रमाबाई ‘स्वामी’ (१९६२) या कादंबरीने त्याच्या परिचयाच्या केल्या आहेत. या वीरांगनेची परिणती अखेर पतिव्रतेतच होते काय, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

कथानकापुरते पाहता उत्तर होकारार्थी वाटते. ‘वाल्क्युरी’मध्ये (१८७०) पित्याची, म्हणजे वोटानची, आज्ञा मोडून ती सीगमुंडला वाचवू पाहते, देवत्व गमावते आणि पुढे सीगफ्रीडची पत्नी होते. मात्र अखेरच्या प्रवेशात चिता रचण्याची आज्ञा तिची, अंगठी ऱ्हाइनला परत करण्याचा निर्णयही तिचाच. सतीच्या अग्नीने कुलाची प्रतिष्ठा वाढते, असे मानले जाई. या अग्नीत पित्याचा वल्हालाच भस्म होतो.

हा भेद पूर्णत्वास जातो तो संगीतात. शोपेनहाउअरच्या प्रभावाखाली १८५६ मध्ये लिहिलेले तिचे विरक्तिपर शब्द वाग्नरने संगीतबद्ध केले नाहीत. शेवट त्याने वाद्यवृंदावर सोपविला. आज्ञाभंगानंतर आपल्याला वाचविणाऱ्या ब्रुनहिल्डेला उद्देशून सीगलिंडेने ‘वाल्क्युरी’त गायिलेली धून तेथे परतते. चितेनंतर ऐकू येते ती एका स्त्रीने दुसरीच्या बंडाविषयी व्यक्त केलेली कृतज्ञता. ब्रुनहिल्डेला सती ठरविणाऱ्या वाचनाला या स्वरांचा हिशेब द्यावाच लागेल.