दोन गार्ड, दोन वाटा : लोन्झो बॉल आणि मार्केल फुल्ट्झ यांच्या शूटिंगची तुलना

२०१७ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये पहिली निवड मार्केल फुल्ट्झची झाली आणि दुसरी लोन्झो बॉलची. दोघेही गार्ड, दोघेही महाविद्यालयात एकच वर्ष खेळलेले. वॉशिंग्टन विद्यापीठाकडून फुल्ट्झचे तीन गुणांच्या शॉटमधील यश ४१.३ टक्के होते, तर यूसीएलएकडून बॉलचे ४१.२ टक्के. आकडे जवळजवळ सारखे असूनही पुढचे प्रवास पूर्ण वेगळे झाले. म्हणून शूटिंगचा विकास नेमका कशावरून ठरवावा, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो.

या टक्केवारीत एक इशारा दडलेला होता. फ्री थ्रोमध्ये फुल्ट्झचे यश ६४.९ टक्के आणि बॉलचे ६७.३ टक्के, म्हणजे दोघांचेही गार्डच्या मानाने कमी होते. फ्री थ्रो १५ फुटांवरून, समोर बचावपटू नसताना घेतला जातो. त्यामुळे हाताच्या मूळ सफाईचा अंदाज त्यावरून बऱ्यापैकी येतो. शिवाय तेव्हा महाविद्यालयीन तीन गुणांची रेषा २० फूट ९ इंचांवर होती, तर एनबीएमध्ये ती बहुतांश भागात २३ फूट ९ इंचांवर आहे.

बॉलचे उदाहरण पुनर्रचनेचे आहे. तो उजव्या हाताने शॉट मारत असे, पण चेंडू चेहऱ्याच्या डाव्या बाजूने वर नेत असे. लेकर्सकडून पहिल्या हंगामात त्याचे तीन गुणांचे यश ३०.५ टक्के होते. दुसऱ्या हंगामात फ्री थ्रो ४१.७ टक्क्यांपर्यंत घसरले. अर्थात सामन्याला सरासरी एकच फ्री थ्रो मिळत असल्याने हा आकडा जपून वाचावा. २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला गेल्यावर सहायक प्रशिक्षक फ्रेड विन्सन यांच्याबरोबर त्याने शॉटची हालचालच बदलली. २०२०-२१ मध्ये सामन्याला आठहून अधिक तीन गुणांचे शॉट घेऊनही त्याचे यश ३७.८ टक्के राहिले आणि फ्री थ्रो ७८.१ टक्क्यांवर पोहोचले. प्रयत्नांची संख्या, टक्केवारी आणि फ्री थ्रो हे तीनही एकत्र वाढले, हाच विकासाचा भक्कम पुरावा आहे.

फुल्ट्झचे उदाहरण सावरण्याचे आहे. पहिल्याच हंगामात त्याची शॉटची लय बिघडली. तो १४ सामनेच खेळला आणि फ्री थ्रोमध्ये ४७.६ टक्क्यांवर अडकला. अनेकांनी हा मनाचा कमकुवतपणा ठरवला. डिसेंबर २०१८ मध्ये थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमचे निदान झाल्याचे जाहीर झाले. या विकारात मानेखालच्या भागात नसा किंवा रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि हाताच्या हालचालीवर परिणाम होतो. ऑर्लँडोकडून खेळताना त्याचे फ्री थ्रो २०१९-२० मध्ये ७३ टक्के, तर २०२२-२३ मध्ये ७८.३ टक्के झाले. तीन गुणांचे यश मात्र या दोन हंगामांत अनुक्रमे २६.७ आणि ३१ टक्केच होते, आणि तेही सामन्याला दोनपेक्षा कमी प्रयत्नांत.

येथे दोन टोकाची मते टाळायला हवीत. ‘फुल्ट्झला शूटिंग जमलेच नाही’ हे मत फ्री थ्रोचे आकडे खोडून काढतात. ‘तो पूर्ण सावरला’ हे मत त्याने टाळलेले लांबचे शॉट खोडून काढतात. बॉलबाबतही शिकागोतील ४२.३ टक्के हे यश अवघ्या ३५ सामन्यांचे आहे. त्यानंतर गुडघ्याच्या दुखापतीने तो दोन पूर्ण हंगाम मैदानाबाहेर राहिला.

केवळ तीन गुणांच्या शॉटच्या निकषावर बॉल निर्विवाद सरस ठरतो. पण बॉलने चालू शकणारा हात सुधारला, तर फुल्ट्झला आधी हात परत मिळवावा लागला. सुरुवातीचे बिंदू वेगळे असताना शेवटच्या आकड्यांवरून दोघांची मेहनत मोजणे अन्यायाचे आहे. टक्केवारी वाचताना प्रयत्न किती, अंतर किती आणि शरीराची स्थिती काय, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. खेळाडूच्या मनाविषयीचा निष्कर्ष त्यानंतरच काढावा.